हात नम्रताचे

दहिवली, कर्जत
३ ऑगस्ट २०२५

नमू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पत्ता आईने दिला. तिला रागावू नकोस, मी दोन दिवस तिच्या मागे लागले होते.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा पावसात दुखतो, पण ती बसत नाही. माझी जुनी व्हीलचेअर शेवटी मोडली. नवी हलकी आहे, एका झटक्यात वळते. बसून बसून झालेली मागची जखम पूर्ण भरली, फक्त जमिनीवर बसायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली आहे.

आता कामाचं. खोपोलीची एक संस्था दिवाळीत रांगोळीचं प्रदर्शन भरवते आहे. आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या सुचेता मॅडम निवृत्त झाल्यावर त्या समितीवर गेल्या आहेत. यंदा त्यांना एका दिव्यांग कलाकाराचा सन्मान करायचा आहे आणि मॅडमनी माझं नाव सुचवलं. जुन्या आठ रांगोळ्यांचे फोटो मोठे करून भिंतीवर लावणार आहेत. फोटो सगळे तुझ्या मोबाईलमध्ये आहेत, ते पाठव. मुख्य म्हणजे भागीमावशीचा. मॅडम म्हणाल्या, "छाया, बाकी सात नसले तरी चालतील, भागी हवीच." मी बाजारात गेले की अजूनही कुणीतरी विचारतं, पावसाळ्यात शेवळांची भाजी विकणाऱ्या भागीमावशीची रांगोळी काढली ती तुम्हीच ना.

त्या दिवशी तू रागावून जनाआत्याकडे निघून गेलीस. मीही काही बोलले असेन. तीन वर्षं झाली, आता पुरे. तुझ्या लग्नाला आले नाही, पण त्या हॉलला पायऱ्या होत्या, हे आईने तुला सांगितलंच असेल.

फोटो आईच्या मोबाईलवर पाठवलेस तरी चालतील.

ताई


दहिवली
३१ ऑगस्ट २०२५

नमू,

फोटो मिळाले. सात. सोबत एक शब्द नाही, आणि भागीमावशी नाही. विसरलीस म्हणावं तर तू विसरणारी नाहीस.

इकडे एक नवीन अडचण झाली आहे. समितीचं म्हणणं असं की नुसते फोटो लावून लोक थांबत नाहीत, मी तिथे बसून एक रांगोळी काढून दाखवावी. मी हो म्हणून बसले. तू गेल्यापासून मी एकही रांगोळी काढलेली नाही, हे मॅडमना मी सांगितलं नाही. मी टेबलावर मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते, तेवढंच. मधे आईने आळीतल्या दोन मुलींना माझ्या हाताखाली दिलं होतं. एक चार दिवस टिकली, दुसरी आठवडाभर. दुसरीने जाताना आईला सांगितलं, तुमच्या ताईला माणूस नको, चिमटा पाहिजे.

मग मी येसाजीकाकांना गाठलं. ते रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन आता समोरच्या पडवीत पेपर वाचत असतात. तीस वर्षं त्यांनी पावडरी हाताळल्या, मोठमोठ्या नरसाळ्यांतून खाली सोडल्या. त्यांना म्हटलं, मला खुर्चीत बसून जमिनीवर रांगोळी सोडायची आहे. एक नळी द्या करून.

"नळी सोपी हाय गं," ते म्हणाले, "पावडर सोपी नाय. पावसाळ्यात ती गोळा होऊन बसनार."

आणि तसंच झालं. पहिली नळी तोंडापर्यंत गच्च भरली आणि एक कण खाली पडेना. मी ती आपटली तर मूठभर रांगोळी एकदम पडली. काकांनी नळी माझ्या हातातून काढून घेतली. "पावडरला धक्का नाय द्यायचा. थरथर द्यायची," म्हणाले. मग काकूंच्या पाय चेपायच्या यंत्रातली मोटर काढून त्यांनी नळीला बांधली. काकू दोन दिवस बोलत नव्हत्या.

आता यंत्र असं आहे. खुर्चीच्या हाताला नरसाळं. त्यातून प्लॅस्टिकची पारदर्शक नळी, काठीला बांधून खाली जमिनीपर्यंत नेलेली. काठीच्या मुठीला सायकलच्या ब्रेकचा खटका. तो दाबला की नळीचं तोंड उघडतं, सोडला की बंद होतं. छटा द्यायला दुसऱ्या काठीला चहाची गाळणी. रांगोळी आधी उन्हात, ऊन नसेल तर तव्यावर सुकवून घ्यायची. आई म्हणते घरात भाकरीपेक्षा रांगोळीच जास्त भाजली जाते.

पहिली रेघ ओढली ती गांडुळासारखी आली. असो.

तू रागावलीस त्या दिवशी माझी रेघ दाखवायची काठी तुझ्या हाताला लागली, ती चुकून लागली. एवढ्यासाठी कुणी घर सोडत नाही. भागीचा फोटो पाठव.

ताई


दहिवली
२८ सप्टेंबर २०२५

नमू,

भागीचा फोटो आता नको. तेव्हा पेपरसाठी आलेल्या फोटोग्राफरकडून मॅडमनी तो मिळवला. पत्रिकेचा मसुदाही त्यांनी मला वाचायला दिला. त्यात लिहिलंय, "स्वतःच्या हातांनी साकारलेली आठ व्यक्तिचित्रं." मी वाचलं, एका ठिकाणचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि परत दिलं. पत्रिका छापायला गेल्या.

ते होऊन आठ दिवस झाले. रोज सकाळी मी मागच्या पडवीत यंत्र घेऊन बसते. खुर्ची पुढे नेली तर चाक चित्रावरून जातं, म्हणून लादी पुसतात तसं लांबच्या टोकापासून मागे मागे यावं लागतं. कपाळ काढून झालं की त्याच्याकडे परत जाता येत नाही. चुकलं तर चुकलं. शिवाय खुर्चीतून बघताना चेहरा तिरका दिसतो. मोबाईल काठीला लावून वरून फोटो काढला तेव्हा कळलं की माझा माणूस एका बाजूला ओघळला आहे.

एक नाक मला या आठ दिवसांत जमलेलं नाही. मी रेघ सांगायचे आणि तू ती सोडायचीस, तेव्हा मला वाटायचं की कठीण भाग माझ्याकडे आहे. नाकपुडीच्या कडेला पांढरा किती दाट ठेवायचा आणि कुठे विरळ करत न्यायचा, हे मी काठीने कधीच दाखवलेलं नाही. ते दाखवता येतच नाही. ते तुझं तू करायचीस आणि मी 'हं, बरोबर' म्हणायचे.

आता दोन गोष्टी लिहिते. तुला दोन्ही माहीत आहेत. मला त्या लिहून बघायच्या आहेत.

भागीमावशीचं चित्र काढलं गेलं तेव्हा मी त्या जखमेपायी पनवेलच्या हॉस्पिटलात पालथी पडून होते. अकरा दिवस. तू म्हणालीस, स्पर्धेतून नाव मागे घेऊ. मी म्हटलं, नको, तू सुरुवात कर, मी फोनवर सांगते. फोनवर मी काय सांगितलं असेन ते मला आठवतही नाही, कारण ताप होता. तू तीन दिवसांत ते एकटीने काढलंस. मला बक्षिसाच्या दिवशी गाडीतून थेट तिथे नेलं आणि पेपरातल्या फोटोत चित्राशेजारी मी आहे, हातात काठी. तू फोटोग्राफरच्या मागे उभी होतीस. घरी आल्यावर तू विचारलंस, "ताई, खाली माझंही नाव टाकूया का?" आणि मी म्हणाले, "हात कुणाचे हे कोण विचारतं गं."

दुसरी गोष्ट काठीची. ती चुकून लागली नव्हती. पुढच्या प्रदर्शनात तू मला न विचारता ओठाची रेघ बदललीस. बदललीस ती चांगली होती. ते मला दिसलं, आणि मी मारली. वीसेक माणसं बघत होती.

आणि तुझ्या लग्नाचा हॉल तळमजल्यावर होता.

आत्ता एवढंच.

ताई


दहिवली
९ ऑक्टोबर २०२५

नमू,

आईला सांगितलं. म्हणजे भागीचं चित्र तुझं आहे हे मॅडमना सांगणार, असं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"आता कशाला उकरतेस? लोकांनी टाळ्या वाजवल्या, संपलं."

"तुला माहीत होतं?"

"मला नाय माहीत तर कुनाला? तिचे दोन्ही गुडघे सोलले होते. तीन दिवस हळद आनि तेल मीच लावत होते. तू हॉस्पिटलात. तुला कशाला सांगायचं म्हनून बोलली नाय."

ताट खाली ठेवून ती आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती साडी बदलून. "चल," म्हणाली, "रिक्षा आनते. मॅडमच्या घराला दोन पायऱ्या हायत, मी आनि रिक्षावाला उचलू."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुम्हा दोघींना मी शाळेत शिकवलंय. तुझी रेघ दामटून येते, तिची थांबत थांबत. भागीच्या त्या सुरकुत्या तू जन्मात काढल्या नसत्यास."

"मग माझं नाव का सुचवलंत?"

"कारण तू तीन वर्षं घरात बसली होतीस. म्हटलं, बाहेर तर येईल." आणि पुढे म्हणाल्या, "आणि खरं सांगायचं तर भिंतीवर भागी असली की लोक येतात. ते माझंही चुकलं."

त्यांनी माझ्यासमोर अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष वाईट माणूस नसावेत, पण त्यांना घाई होती. म्हणाले, सन्मान स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलाकाराचा आहे. दुसऱ्याचे हात असतील तर तो देता येणार नाही. पत्रिकेवर पट्टी चिकटवू. मॅडम म्हणाल्या, निदान तिचं यंत्र तरी लोकांना दाखवू. त्यावर ते म्हणाले, मागच्या बाजूला जागा आहे, बसू द्या.

परत येताना रिक्षा घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "माझी नवी साडी फुकट गेली." ती सन्मानाच्या दिवसासाठी घेतली होती. आणि मग हसली, नमू. मला वाटलं होतं ती रडेल.

ताई


दहिवली
२५ ऑक्टोबर २०२५

नमू,

प्रदर्शन झालं. वसुबारसेला उघडलं, भाऊबीजेला बंद झालं.

भागीमावशी दाराच्या समोरच्या भिंतीवर होती, माणसाच्या उंचीची. खालची पाटी मी माझ्या हाताने लिहिली. सासरचं आडनाव लावायचं की माहेरचं, हे विचारायला तू नव्हतीस, म्हणून नुसतं 'रांगोळी : नम्रता' लिहिलं. बाकीच्या सातांखाली 'रेखाटन छायाचं, हात नम्रताचे' असं आहे. अध्यक्ष ते वाचून गेले.

मला जागा मिळाली ती मागे, चपला काढतात तिथे. मी येसाजीकाकांचा चेहरा काढायचं ठरवलं होतं. ते तीन दिवस समोर स्टुलावर बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. लोक यायचे, यंत्राचे व्हिडिओ काढायचे, "किती जिद्द" म्हणायचे आणि चपला घालून जायचे. खाली काय काढलंय ते बघायला कुणी थांबत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडून खटका दाबला गेला आणि काकांच्या गालावर रांगोळीचा ढीग पडला.

तिसऱ्या दिवशी एक जण आला, तोही खुर्चीतला. साईराज नाव. कुंभिवलीला हायवेवर ट्रकच्या मागची नावं आणि फुलं रंगवतो. खालची अक्षरं खुर्चीतून, वरची काढायला गॅरेजवाले त्याला खुर्चीसकट जॅकच्या फळीवर चढवतात. त्याने यंत्राकडे बघितलंही नाही. बराच वेळ चित्र बघत राहिला.

"डावा डोळा उतरलाय," म्हणाला.

"माहितेय."

"मग सुधारला का नाय?"

"सुधारायला पुढे गेले तर चाक कपाळावरून जाईल."

त्याने मान हलवली, म्हणजे त्याला पटलं. मग म्हणाला, "चष्म्याच्या काचेतला उजेड बरा जमलाय. बाकी तुमी घाई करता. रेघ संपायच्या आधी सोडता." सुचेता मॅडमनंतर माझ्या कामातली चूक मला कुणी तोंडावर सांगितली नव्हती. तू सांगितली असतीस, पण मी तुला तेवढी सोय ठेवली नव्हती.

चित्र पुरं झालं. चांगलं नाही. नाक बरं आहे, डोळा उतरलेला आहे, गालावरच्या ढिगाची मी दाढी करून टाकली, त्यामुळे काका थोडे रागावले आहेत. पण ते माझं आहे, यात कुणाला काही विचारावं लागत नाही.

भागीसमोर मात्र गर्दी हटत नव्हती. दोन-तीन जणांनी मला विचारलं, ही नम्रता कोण, कुठे असते. मी सांगितलं, माझी धाकटी बहीण, चिपळूणला असते, हल्ली काढते की नाही ते मला ठाऊक नाही.

हे शेवटचं पत्र. उत्तरासाठी लिहीत नव्हते असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल.

ताई


चिपळूण
६ नोव्हेंबर २०२५

ताई,

पाचही पत्रं मिळाली. पहिलं वाचून फाडलं. दुसरं ह्यांनी माझ्या हातून काढून ठेवलं म्हणून राहिलं. भागीचा फोटो मुद्दामच पाठवला नव्हता.

तिसरं पत्र मी चार-पाच वेळा वाचलं. त्यात एक राहिलंय ते सांगते. काठी मारलीस त्याचं मला एवढं नव्हतं. मारल्यावर तू म्हणालीस, "पुढे काढ." आणि मी काढली. आणखी अर्धा तास मी काढत बसले होते, लोकांसमोर, हात लाल झालेला. मग उठले. तो अर्धा तास मला अजून आठवतो. तुझ्यापेक्षा माझाच राग जास्त येतो त्यात.

मी माफ केलं असं लिहीत नाही. ते आहे की नाही मलाच कळत नाही.

मला सातवा महिना आहे. आईला माहीत आहे, तुला सांगू नको असं मीच तिला म्हटलं होतं. बाळंतपणाला कर्जतला येणार नाही असं ठरवून टाकलं होतं, आईलाच इकडे बोलावणार होते. ठरवलं होतं ते अजून तसंच आहे.

रांगोळी मीही तीन वर्षं काढली नव्हती. सासूबाई म्हणायच्या, तुझ्या हातात एवढी कला आहे म्हणतात आणि दारात साधी स्वस्तिकं काढतेस. यंदा तुझं तिसरं पत्र आल्यावर पाडव्याला दारात बसले. एक चेहरा डोक्यात होता. हनुवटीपर्यंत आले आणि मग वाकवेना. उठताही येईना. शेजारणीने हात देऊन उठवलं आणि उरलेला चेहरा तिने पुरा केला. बघवत नव्हता.

तेव्हा येसाजीकाकांच्या यंत्राची मापं पाठव. मला उभ्याने काढायची आहे. डॉक्टर म्हणाल्या, उभं राहायला हरकत नाही, वाकायचं नाही.

तू इकडे ये असं आत्ता म्हणत नाही. आईला पाठव. काकांना सांग, दाढी त्यांना शोभली असती.

नम्रता

ता. क. : 'रांगोळी : नम्रता' एवढंच बरं आहे. आडनाव नको.


दहिवली
१६ नोव्हेंबर २०२५

नमू,

पत्र मिळालं. आईने ते माझ्या आधी उघडलं. शेजारणीचं वाचून ती खूप हसली आणि मग चष्मा पुसत बसली.

त्या अर्ध्या तासाबद्दल मी काय लिहू. मी "पुढे काढ" म्हणाले, हे मला आठवत नव्हतं. तू लिहिल्यावर आठवलं. तू काढत होतीस तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही आठवलं. ते तुला कळलेलं असावं असं मला आता वाटतं.

तू ये म्हणत नाहीस, ते समजलं. मी येणार नाही. आई मंगळवारी निघेल.

मापं पाठवण्यापेक्षा यंत्रच करून पाठवते आहे. काका चार दिवस त्याच्यातच आहेत. माझी काठी तुला उपयोगाची नाही, ती बसून धरायची आहे. तुझ्या कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप आईने सांगितलं, तुझं ब्लाउजचं माप तिला पाठ आहे त्यावरून तिने अंदाज केला. काठी मधे जोडलेली आहे, दोन तुकडे होतात, म्हणजे आईला गाडीत नेता येईल. नरसाळं कमरेच्या पट्ट्याला न लावता खांद्याच्या पट्ट्याला लावायला सांगितलं, पोटावर काही यायला नको. मोटर लहान घातली आहे. थरथर जास्त झाली तर लगेच बंद कर आणि डॉक्टरांना आधी एकदा विचारून घे.

कोकणात हवा दमट, तेव्हा रांगोळी रोज भाजून घ्यावी लागेल. सासूबाईंचा चांगला तवा घेऊ नकोस, वेगळा ठेव. नळीचं तोंड दोन आकारांचं दिलं आहे. बारीक तोंड केसांना आणि सुरकुत्यांना. खटका हळू सोडायचा. हे मला साईराजने सांगितलं, मला अजून जमत नाही. तुला पहिल्याच दिवशी जमेल.

चित्राच्या लांबच्या टोकापासून सुरू कर, असं मी लिहिणार होते. पण तू उभी असशील, चाक नाही, तुला हवं तिथून सुरू करता येईल. मधे मधे बस. पाय सुजले तर त्या दिवशी काढू नकोस.

पहिल्या रेघा वाकड्या येतील. माझ्या महिनाभर येत होत्या. त्या वेळी शेजारी उभं राहून कुणी सांगायला लागलं, इथे जाड कर, तिथे वळव, तर त्याला चहा करायला आत पाठव.

ताई